लॅपटॉप, आंब्याचं झाड आणि बानालोम्बेची मुलाखत

"ते तू माझ्यावर सोड," असं मी बायकोला म्हणालो तेव्हा ती मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत होती. तिचा हात पातेल्यात जागच्या जागी थांबला. कासामाच्या सरकारी दवाखान्यात निम्मं गाव तिच्या हातावर जन्माला आलंय. जुळी, पायाळू, गळ्यात नाळ गुंडाळलेली, कशानेही तिच्या कपाळावरची रेघ हलत नाही. पण "माझ्यावर सोड" एवढं ऐकलं की तिचा चेहरा उतरतो. मागे कोंबड्यांच्या खुराड्याच्या वेळी मी हेच म्हणालो होतो. खुराडं झालं होतं उत्तम. चारी बाजू पक्क्या ठोकून झाल्यावर लक्षात आलं की दार ठेवायचं राहिलं, आणि कोंबड्या आत आहेत. माणसाच्या हातून एखादी गोष्ट राहते. तेवढ्यावरून त्याला जन्मभर ओळखू नये.

तर आता काय सोडायचं होतं ते सांगतो. लुसाकाच्या नर्सिंग कॉलेजने सुइणींना शिकवणाऱ्या शिक्षिका तयार करण्याचा कोर्स काढला होता, आणि तो घरबसल्या, इंटरनेटवरून करता येणार होता. बानालोम्बेचं नाव मुलाखतीच्या यादीत आलं. (आमची थोरली लोम्बे. ती बोर्डिंगात शिकते. तिच्यामुळे गावाला मी बाशिलोम्बे, म्हणजे लोम्बेचा बाप, आणि बायको बानालोम्बे. आमची स्वतःची नावं फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलीत.) वयाची अट अशी की पुढच्या वर्षी तिला अर्जच करता आला नसता. मुलाखत व्हिडिओवर. उमेदवाराचे दोन्ही हात आणि समोरचं टेबल पूर्ण दिसलं पाहिजे, कारण बाळंतपण कसं करायचं ते बाहुलीवर करून दाखवायचं होतं. म्हणून कॉम्प्युटरच हवा, मोबाइल चालणार नाही.

बाजारात इंटरनेटचं दुकान आहे. पण आजूबाजूला लोक फुटबॉलचे निकाल बघत ओरडतायत आणि मधोमध आपण कापडी बाळाचं डोकं सोडवतोय, हे बानालोम्बेला पटेना. दवाखान्यात एकुलता एक कॉम्प्युटर होता, तो मेट्रनबाईंच्या खोलीत. आणि मेट्रनबाईंनीही त्याच कोर्सला अर्ज केलेला होता.

शिवाय आमच्या घरी लॅपटॉप होता की!

मी सर्व्हे खात्यात नकाशे काढतो. खात्याच्या लिलावात मी तो घेतला होता. वजनाला उखळाएवढा, आणि चालू असताना चुलीवर काहीतरी रटरटतंय असा आवाज करणारा. पण चालायचा, हे आधीच नमूद करतो. बटण दाबून आंघोळीला गेलं की परत येईपर्यंत सुरू झालेला असायचा. मी त्यावर पत्ते खेळायचो. दोष एकच, त्याला जगाशी बोलता येत नव्हतं. हवेतलं वायफाय पकडण्याचा त्याचा अवयव कधीतरी निकामी झाला होता. शेजारपाजारच्या मोबाइलांना दहा-दहा नेटवर्कं दिसायची, आमच्या लॅपटॉपला फक्त मी दिसायचो.

मी तो ओसरीवर उलटा घालून स्क्रू काढायला बसलो, आणि बा चितुंडू आलेच. हे आमचे डावीकडचे शेजारी, निवृत्त स्टेशनमास्तर; 'बा' मानाने म्हणायचं. कुणाच्या अंगणात कशाचंही झाकण उघडलं की त्यांना कुठूनसा सिग्नल मिळतो. येताना टॉर्च घेऊन येतात, भर दुपारीही.

"बाशिलोम्बे, उलटा कशाला घातलास? आजारी माणसाला आधी तोंड उघडायला लावतात." त्यांनी लॅपटॉप उभा केला आणि कडेकडेने टॉर्च फिरवला. "हे काय आहे?"

"भोक आहे."

"भोक आहे ते मलाही दिसतंय. कशाचं आहे? टेलिफोनचं! स्टेशनवर माझ्या टेबलावर असंच होतं. अरे, हा टेलिफोनच्या तारेवर चालणारा आहे. याला तू हवेतलं द्यायला निघालास! ज्याचं पोट न्शिमावर वाढलंय त्याला बिस्किटं देऊन भागतं का?"

वयोवृद्ध माणसाने इतक्या खात्रीने सांगितल्यावर मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून टेलिफोन कंपनीच्या ऑफिसात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी माझा अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, परत वाचला.

"तारेचा फोन? तुम्हाला?"

"हो."

"बरं. घर नक्की कुठे आहे त्याचा नकाशा लागेल."

त्या क्षणी माझ्या अंगात जे काही संचारलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. खात्यात इतकी वर्षं मी दलदली, डोंगर आणि गावांच्या हद्दी काढतोय. कुणी कधी 'वा' म्हटलेलं नाही. आणि इथे एक परकी बाई माझ्याकडे आपणहून नकाशा मागत होती. मी आठवडाभर संध्याकाळी बसून तो काढला. उंचीच्या रेषा, उत्तरेचा बाण, प्रमाण, सांडपाण्याचा नाला, बा चितुंडूंचा बंद पडलेला पिकअप, आमचं आंब्याचं झाड. झाडाची सावलीसुद्धा दाखवली.

बाईंनी तो आडवा धरला, उभा धरला, मग उलटा धरला.

"सुंदर आहे हो. पण साधा नाही का एखादा? आमच्या माणसाला कळायला नको? चर्च, शाळा, बाण, घर. बस."

मी तिथेच उभ्या उभ्या चर्च, शाळा, बाण, घर काढलं. घराला धुराडं काढलं, जे आमच्या घराला नाही, पण मन दुखावलेला माणूस असं काहीतरी करतो. बाईंनी त्यावर शिक्का मारला. "छान. आता तारा आल्या की कळवतो."

"कधी येतील?"

"तारा होय? त्या चोरीला गेल्या तेव्हा मी नोकरीला लागायची होते."

"मग बाई, नकाशा कशाला मागितलात?"

"वा! तारा नाहीत म्हणून काय नियमही सोडून द्यायचे?"

माझा पहिला नकाशा मात्र त्यांनी परत दिला नाही. तो साहेबांच्या खोलीत भिंतीवर लावलाय, असं मागाहून कळलं. त्याचं मला दुःख नाही. उलट मी दोनदा काहीतरी कारण काढून साहेबांच्या दारावरून जाऊन आलो.

इकडे घरी बानालोम्बेने जुन्या चितेंगे कापडाची बाहुली शिवायला घेतली होती. दवाखान्यातून आली की हातपाय धुवून ती बाहुलीत कापूस भरत बसायची, आणि मधूनच बाहुलीचं डोकं तळहातावर तोलून बघायची. "मान जरा सैल हवी," असं स्वतःशीच पुटपुटायची. मला विचारायची नाही की लॅपटॉपचं कुठवर आलं. ती विचारत नाही तेव्हा जास्त विचारलेलं असतं.

टेलिफोनची कथा गल्लीत पसरली. (बा चितुंडूंना सांगितलेली गोष्ट पसरते. न सांगितलेली जरा लवकर पसरते.) उजवीकडच्या कुंपणापलीकडून बानाकुंदाने हाक मारली. तिचं केस विणण्याचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकं तासन्‌तास बसतात म्हणून तिने वायफाय घेतलेलं आहे.

"काय हो बाशिलोम्बे, इंटरनेट मागायला टेलिफोनवाल्यांकडे गेलात आणि शेजारीण मेली होती का? माझ्या राउटरला मागे चार भोकं रिकामी आहेत. एकात तार घाला आणि न्या घरी. मी काय लोणचं घालणार आहे त्यांचं?"

लॅपटॉपला तसल्या जाड तारेचंही भोक होतंच. मी आनंदाने बाजारातून केबलचं भेंडोळं आणलं. कुंपणावरून तार टाकायची, खिडकीतून आत घ्यायची. लहान मुलाचं काम. पण बा चितुंडू टॉर्च घेऊन हजर.

"वरून? वरून तार नेणार तू? उद्या बायका तिच्यावर धुणं वाळत घालतील. खालून ने. जमिनीत पूर. सरकारी माणूस ना तू?"

सरकारी माणूस म्हटलं की माझ्याने मागे हटवत नाही. मी दोरी लावून, माप घेऊन, सरळ रेषेत चर खणायला घेतला. कुंपणाच्या अलीकडे कुदळ कशावर तरी ठणकन आदळली. बा चितुंडू म्हणाले, "दगड आहे, जोरात मार." मी जोरात मारली.

पाणी पहिल्यांदा माझ्या तोंडावर आलं, मग छपराच्या उंचीपर्यंत गेलं. पाच मिनिटांत गल्लीतल्या सगळ्या बायका बादल्या घेऊन आमच्या अंगणात जमल्या, कारण त्यांच्या नळांचं पाणी गेलं होतं आणि आमच्याकडे होतं. पाणी खात्याचा माणूस सायकलवरून आला. मी त्याला शांतपणे समजावून सांगत होतो की नकाशात ही पाइप रस्त्याच्या पलीकडून जाते. नकाशा मी स्वतः पाहिलेला आहे. तेव्हा नकाशा बरोबर आहे, पाइप चुकीची आहे.

"तेच तिला सांगा ना," तो पाइपकडे बोट दाखवून म्हणाला. "मला कशाला सांगताय?"

एवढ्यात बानालोम्बे ड्यूटीवरून आली. तिने बादल्या पाहिल्या, चर पाहिला, नखशिखांत भिजलेला नवरा पाहिला. आत जाऊन कोरडा शर्ट आणला, माझ्या हातात दिला, आणि पाणी खात्याच्या माणसाला मुंकोयो या आंबवलेल्या मक्याच्या पेयाचं थंडगार भांडं भरून दिलं. तो ते प्यायला आणि मग मला एकदाही ओरडला नाही. हे बाळंतिणींच्या नवऱ्यांना गप्प करण्याचं तिचं तंत्र असावं. ते माझ्यावरही चालतं.

तार शेवटी कुंपणावरूनच गेली. आणि सांगायला अभिमान वाटतो, चालली! लॅपटॉपच्या कोपऱ्यात हिरवा दिवा लुकलुकला. बानालोम्बेची बहीण न्डोलाला असते; ती पडद्यावर दिसली, हलली, बोलली. खिडकीत उभ्या असलेल्या बायकांनी जिभा हलवत उलुलुलु केलं. बा चितुंडूंनी मला मिठी मारली आणि गर्दीला सांगितलं की तार वरून न्यायची कल्पना त्यांचीच. मी मान डोलावली. विजयी माणूस उदार असतो.

ही उदारता संध्याकाळपर्यंत टिकली. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे जी वीज पडते ती काही विचारून पडत नाही. बानाकुंदाच्या दुकानापाशी खांबावर ती कडाडली, आणि तिथून, बा चितुंडूंच्या भाषेत सांगायचं तर, मिळेल ती गाडी पकडून निघाली. बानाकुंदाचा राउटर गेला, केस वाळवायचं यंत्र गेलं, आणि माझ्या नव्या कोऱ्या तारेवरून प्रवास करत ती लॅपटॉपच्या भोकात उतरली. भोक काळं पडलं. लॅपटॉप मात्र जिवंत. त्याला मारायला एवढीशी वीज पुरत नाही.

मी मान खाली घालून बानाकुंदाकडे गेलो. ती जळक्या यंत्रापुढे बसली होती.

"माझ्या तारेमुळे..." मी सुरुवात केली.

"वीज माझ्या खांबावर पडली, बाशिलोम्बे. तुमच्या घरात शिरली ती माझ्याकडून. मीच माफी मागायला येत होते." मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "गिऱ्हाइकांना सांगेन, केस उन्हात वाळवा. ऊन फुकट आहे. बानालोम्बेचं काय करायचं ते बोला."

आमच्या गल्लीत असं आहे. एकमेकांचं वाटोळं करून झालं की लोक पुन्हा कामाला लागतात.

मग मी बाजारातून नखाएवढं एक यंत्र आणलं. ते लॅपटॉपच्या कडेला खोचलं की मेलेलं वायफाय जिवंत होतं, असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं. मी खोचलं. लॅपटॉपने बराच विचार केला आणि पडद्यावर लिहून दाखवलं की हे यंत्र चालवायला एक सॉफ्टवेअर लागेल, आणि ते इंटरनेटवरून उतरवून घ्यावं. म्हणजे इंटरनेट आणणारी वस्तू आणायला इंटरनेटवर जायचं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढूनही इतका निर्मळ नियम माझ्या पाहण्यात आला नव्हता. डब्यात एक तबकडी होती खरी, पण लॅपटॉपचा तबकडीचा खण उघडेना. बा चितुंडूंनी तो बानाकुंदाच्या केसांच्या पिनेने उघडला. उघडला म्हणजे पूर्ण उघडला. तो त्यांच्या हातातच आला.

त्या संध्याकाळी मी ओसरीवर बसून राहिलो. मुलाखत परवावर आली होती. बानालोम्बे आतून आली आणि शेजारी बसली. बाहुली तिच्या मांडीवर होती. आता तिला डोळेही आले होते.

"जमत नसेल तर सांग," ती म्हणाली. "मी रागावणार नाही. उद्या मेट्रनबाईंना विचारते, त्यांच्या खोलीत बसू द्या म्हणून."

"त्या देतील?"

"देतील. आणि मग मुलाखतभर मागे उभ्या राहतील." ती जराशी हसली. मग हसू गेलं. "बाशिलोम्बे, माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी आज मोठमोठ्या दवाखान्यांत आहेत. त्यांना प्रमाणपत्रं दुसऱ्यांनी दिली. मला एकदा स्वतःच्या नावाने शिकवायचंय. बस, एवढंच आहे. फार मोठं काही नाही."

फार मोठं काही नाही असं ती म्हणते तेव्हा काय समजायचं ते मला कळतं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दिवे गेले. आमच्याकडे ते रोज जातात. पण त्या वेळी मला वाटलं, माझ्या तोंडून पुन्हा "माझ्यावर सोड" निघणार हे वीज खात्याला कळलं असावं.

बानालोम्बे उठली. तिच्या मोबाइलची बॅटरी संपत आली होती, आणि रात्री दवाखान्यातून बोलावणं आलं तर फोन चालू हवा. लॅपटॉपमध्ये थोडी धुगधुगी होती. तिने चार्जरची वायर घेतली, एक टोक मोबाइलला, दुसरं लॅपटॉपला लावलं.

"बाशिलोम्बे, हा काहीतरी विचारतोय," ती म्हणाली.

"कोण?"

"फोन. या कॉम्प्युटरला माझं इंटरनेट देऊ का, म्हणतोय."

मी इतक्या जोरात उठलो की बाकडं उलटलं. "मग देऊ दे ना! हो म्हण!"

तिने हो म्हटलं. हिरवा दिवा लागला. ज्याच्यासाठी मी टेलिफोन ऑफिस, पाण्याची पाइप आणि आकाशातली वीज पालथी घातली, ते तिने फोन चार्ज करता करता केलं. मी तिला म्हणालो, "हेच मी उद्या करणार होतो." ती म्हणाली, "माहीत आहे." अशी बायको मिळायला नशीब लागतं.

आता गाडी सुटली असं वाटत असतानाच घराच्या पत्र्याने अडवलं. पत्र्याखाली मोबाइलला रेंजच नीट येईना. बहिणीचं तोंड पडद्यावर चौकोन चौकोन होऊन गळून पडायचं. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप बाळासारखा कडेवर घेऊन आणि बायको वायरीला धरून मागोमाग, असे आम्ही अंगणभर फिरलो. विहिरीपाशी नाही, चुलीपाशी नाही, खुराड्यापाशी थोडी. शेवटी आंब्याखाली गेलो तर थोडी जास्त, आणि मी पहिल्या फांदीवर चढून मोबाइल वर धरला तर भरपूर! वायर जेमतेम खालच्या टेबलापर्यंत पोचत होती.

मी मोबाइल सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने फांदीला बांधला आणि उतरलो. वारा आला, फांदी हलली, वायर ढिली झाली आणि जोडणी तुटली. परत चढलो, परत बटण दाबलं, उतरलो. परत वारा. तेव्हा असं ठरलं की मुलाखत होईपर्यंत फांदीवर कुणीतरी बसायला हवं. बा चितुंडूंनी खालून देखरेख करण्याची तयारी दाखवली. राहिलो मी.

मुलाखतीच्या सकाळी बानालोम्बेने पांढरा गणवेश घातला. मीही टाय लावला. झाडावर असलो तरी मी खात्याचा माणूस आहे. बा चितुंडूंनी चार जणांकडून ढकलवून पिकअप झाडाखाली आणला आणि त्याच्या बॅटरीवर लॅपटॉप जोडला. पिकअप स्वतः धावत नाही, पण दुसऱ्याला धावायला मदत करतो. बानाकुंदाने दुकान बंद ठेवलं. तिच्याकडे बाळंतिणीची भूमिका होती, म्हणजे तळ काढलेली एक टोपली टेबलाच्या कडेला घट्ट धरून बसायचं. गल्लीतले लोक कुंपणापलीकडे चर्चमध्ये बसावेत तसे गप्प.

लुसाकाच्या तीन जणी पडद्यावर आल्या. मला दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता. त्यातली एक वयस्क होती, तिचा आवाज कुणालाही उभं राहायला लावेल असा.

"सिस्टर, तुम्ही बाहेर बसलात का?"

"हो मॅडम. घरात उजेड कमी असतो."

"बरं. बाळाचं डोकं आलंय आणि खांदा अडकलाय. काय कराल? करून दाखवा, बोलत बोलत."

मी आजवर बायकोला कामावर पाहिलेलं नाही. पुरुषांना तिथे कोण येऊ देतं? घरी ती कमी बोलते. पण त्या दिवशी फांदीवर बसून मी तिचा तो आवाज ऐकला, जो या गावातल्या बायका वेदनांमध्ये ऐकतात. घाई नाही, भीती नाही. "घाबरू नकोस, आई. मी इथेच आहे. आता जोर लावू नकोस. गुडघे छातीकडे घे, अगदी वर. शाबास. मदतनीस ताई, तुम्ही इथे, ओटीपोटावर अगदी खालच्या बाजूला दाबा. ओढायचं नाही, मान ओढायची नाही." मला वाटलं आता मलाच कुणीतरी म्हणावं, घाबरू नकोस, मी इथेच आहे.

कारण नेमकं तेव्हाच मला लाल मुंग्या लागल्या होत्या.

आंब्याच्या पानांचं घर करून त्या राहतात. मी त्यांच्या घरावर टेकून बसलो होतो हे माझ्या उशिरा लक्षात आलं, त्यांच्या लवकर आलं. आधी पोटरी, मग गुडघा, मग पुढे जिथे सभ्य माणूस शब्दांनी जात नाही. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात फांदी. ओरडावं तर मुलाखत जाणार. मी ओठ चावले, पण आतून एक लांबलचक कण्हणं निघालंच.

"उंऽऽऽह... आऽऽई गं..."

मग लुसाकाहून तो भारदस्त आवाज आला. "व्वा सिस्टर. कण्हण्याचा आवाजसुद्धा ठेवलाय तुम्ही! फारच खरा वाटतोय."

टोपलीमागे बानाकुंदाचे खांदे गदागदा हलायला लागले. बानालोम्बे मात्र क्षणभरही थांबली नाही. "हो, आई, कळतंय मला, अजून थोडंच राहिलंय," ती वर न पाहता म्हणाली. ते टोपलीला होतं की मला, हे मी अजून विचारलेलं नाही. खांदा सुटला, बाळ तिच्या हातात आलं, आणि नेमकी एक मुंगी माझ्या कानात शिरली. मोबाइल हातून सुटला.

तो वायरीला लटकला. पडदा काळा झाला.

"बाशिलोम्बे!" बा चितुंडू खालून हळू आवाजात किंचाळले. असं फक्त स्टेशनमास्तरलाच जमतं.

मी फांदीवर आडवा झालो, टाय दातांत धरला, वायर हळूहळू वर ओढली. खाली बानालोम्बे बाळाला छातीशी धरून उभी होती. पडदा काळा असूनही तिने त्याला खाली ठेवलं नव्हतं. मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. हिरवा दिवा!

"...ऐकू येतंय का सिस्टर? तुमचं नेटवर्क गेलं होतं."

"हो मॅडम. माझं नेटवर्क वर झाडात बसलंय. त्याला मुंग्या चावतायत."

पलीकडे तिघी इतक्या हसल्या की पाचोळा उडाल्यासारखा आवाज झाला. मग त्या वयस्क बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. "तुम्ही उत्तम सुईण आहात हे दिसलं. मग शिकवायला कशाला जाता? दवाखान्याचं नुकसान नाही का?"

"माझे हात एका वेळी एकाच बाईपाशी असतात, मॅडम," ती म्हणाली. "आणि बायका एका वेळी पुष्कळ अडलेल्या असतात."

कुंपणापलीकडे कुणीतरी नाक ओढलं. बहुधा पाणी खात्याचा माणूस. तो तिथे कसा आला ते मला माहीत नाही.

निकाल आला तेव्हा मी अजून उभा राहूनच जेवत होतो. बानालोम्बेची निवड झाली. मेट्रनबाईंचीही झाली. आणि आठवड्यातच कळलं की दवाखान्याच्या त्या कॉम्प्युटरला वर्गाच्या वेळी नेटवर्क टिकत नाही. मेट्रनबाई दोन दिवस घुटमळल्या. मग एका गुरुवारी टोपलीभर रताळी घेऊन आमच्या अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या झाडाखाली अजून एक खुर्ची मावेल का?"

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी दोघी आंब्याखाली बसतात आणि मी वर. आता फांद्यांमध्ये फळी ठोकून घेतलीय, आणि मुंग्यांशी राख टाकून तह केलाय. मोबाइल पक्का बांधायचीही युक्ती सापडलीय, खरं सांगायचं तर. पण ते मी कुणाला बोललेलो नाही. कारण वर बसून ऐकायची सवय लागलीय. कळा किती वेळ चालल्या तर काय करायचं, रक्त किती गेलं तर धोका, सगळं ऐकत असतो. ऑफिसात परवा एकजण म्हणाला की त्याच्या बायकोचे पाय सुजलेत, तर मी त्याला असं काही झापलं की तो सरळ तिला घेऊन दवाखान्यात गेला. रक्तदाब खरोखर वाढला होता. आता बरी आहे.

गेल्या गुरुवारी शिक्षिकेने मेट्रनबाईंना विचारलं, "बाळ झालं, पण वार पडत नाही. पहिल्यांदा काय बघाल?" मेट्रनबाई इतकी वर्षं चादरी आणि ड्यूट्या मोजतायत. घाम पुसायला लागल्या. बानालोम्बेने तोंड उघडलं नाही. दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची तिला खोड नाही.

मी फळीवरून वाकलो आणि कुजबुजलो, "मूत्राशय रिकामं आहे का ते आधी बघा."

"मूत्राशय रिकामं आहे का ते आधी बघेन," मेट्रनबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

"अगदी बरोबर!" लुसाकाहून आवाज आला.

आणि बानालोम्बेने मान वर केली. आजवर तिने माझ्याकडे अनेक प्रकारे पाहिलेलं आहे. भिजलेल्या बुटांकडून वर, उलटलेल्या बाकड्यावरून खाली. पण अशी मान उंच करून, डोळ्यांवर हात धरून, पानांमधून शोधत, हसत हसत तिने माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. मी टाय सारखा केला.